सरपणाचं पूर्ण तिकीट

ज्या घरात यजमान नसतो ते घर पाहुण्याला सगळ्यात सोयीचं, असं माझं फार दिवसांचं मत होतं. हे मत बनायला आमचं जालन्याचं घर कारणीभूत आहे. घर बसस्टँडपासून पायी सात मिनिटांवर. त्यामुळे अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद अशा सगळ्या दिशांच्या नातेवाइकांची कोर्टाची तारीख, डोळ्यांचा नंबर, बी-बियाण्यांची खरेदी आणि मुलगी पाहण्याचे कार्यक्रम आमच्या ओसरीवरूनच पुढे जातात. 'जालना, सोने का पालना' अशी आमच्या गावाची ख्याती. हा पाळणा हलवायचं काम लग्न झाल्यापासून आमची सौ. करते आहे.

पाहुणा आणि यजमान यांच्यात एक अवघड नाटक सतत चालू असतं. पाहुण्याने 'नको, नको' म्हणायचं आणि यजमानाने 'घ्या, घ्या' म्हणायचं. खरं म्हणजे पाहुण्याला हवं असतं आणि यजमानाकडे ते संपत आलेलं असतं. पाहुणा 'उद्या सकाळच्या गाडीने निघतो' म्हणाला की 'एवढी काय घाई' असं म्हणावं लागतं, आणि एखादा सज्जन ते खरं मानून परवाच्या गाडीवर जातो. तेव्हा, घर असावं, छप्पर असावं, पण दारात उभं राहून 'या, या' म्हणणारं कोणी नसावं. जावं, राहावं, यावं. कुणाचे उपकार नाहीत की कुणाच्या कपाळावर आठी नाही.

असं घर जगात आहे हे मला २०२३ सालच्या दिवाळीत कळलं. माझा भाचा झुरिचला असतो. तो दिवाळीला आला आणि फराळाचं ताट पुढ्यात घेऊन आल्प्स पर्वताच्या गोष्टी सांगू लागला.

"मामा, डोंगरात आठ-नऊ हजार फुटांवर झोपड्या असतात. उन्हाळ्यात तिथे सांभाळणारा माणूस असतो, तो जेवणबिवण देतो. पण हंगाम संपला की तो खाली निघून जातो. जाताना एक खोली मात्र उघडी ठेवतो."

"कुलूप न लावता?" सौ.ने विचारलं. आमच्याकडे बागेच्या नळालासुद्धा कुलूप आहे.

"बऱ्याच ठिकाणी न लावता. बर्फात कुणी अडकलं तर त्याला दार उघडं मिळायला हवं ना!"

"मग आत कोण असतं?"

"कुणीच नसतं, मामी."

"कुणी नसतं तर चहा कोण करतं?"

"ज्याला हवा तो करतो. आत शेगडी असते, फोडलेली लाकडं असतात, भांडी असतात, घोंगड्या असतात. पाणी नसतं. बाहेरचा बर्फ पातेल्यात भरून आणायचा आणि वितळवायचा."

"म्हणजे तिथेही पाणी भरावंच लागतं तर!" सौ. म्हणाली. त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस होता आणि ती सकाळपासून तीन पिंपं, दोन हंडे आणि एक भाचा एवढ्यांची व्यवस्था बघत होती. स्वित्झर्लंडबद्दलचं तिचं कुतूहल तिथेच निवलं.

भाचा पुढे सांगत होता. त्या देशात १८६३ साली गिर्यारोहकांची संस्था निघाली आणि त्याच वर्षी त्यांनी पहिली झोपडी बांधली. आज त्यांच्या दीडशेच्या आसपास झोपड्या आहेत. आत एक वही असते, तिच्यात आपलं नाव आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं. पुढे माणूस हरवला तर शोधणाऱ्यांना तेवढाच माग लागतो. भिंतीला एक पेटी असते, तिच्यात राहण्याचे पैसे टाकायचे. अलीकडे फोनवरूनही भरता येतात. बघायला कुणी नसतं, तरी भरायचे. निघताना झाडून काढायचं, घोंगड्यांच्या घड्या घालायच्या, आपला कचरा आपल्याबरोबर खाली न्यायचा आणि दार-खिडक्या नीट लावायच्या, नाहीतर आत बर्फ साचतो.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकडं," तो म्हणाला. "आम्ही पोचलो तेव्हा रात्र झाली होती. बोटं इतकी गारठलेली की पिशवीची गाठ सुटेना. दार उघडून बघतो तर शेगडीपाशी बारीक चिरलेल्या काड्या रचून ठेवलेल्या, वर काड्यापेटी. एक काडी ओढली की जाळ! कोण ठेवून गेलं होतं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी आम्हीही तासभर लाकडं फोडली आणि तशाच काड्या रचून ठेवल्या."

मी आयुष्यभर कचेरीत नोकरी केली. त्यामुळे परदेशात काही चांगलं झाल्याचं ऐकलं, की ते आपल्याकडे आधीच होऊन गेलं होतं याचा कागद शोधायची मला सवय आहे. मी म्हणालो, "यात नवीन काय? आपला नाणेघाट बघ. सातवाहनांच्या राज्यात पैठणचा माल त्या घाटाने खाली कोकणातल्या बंदरांकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी कातळात लेणं कोरलंय. भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख आहे, जवळच जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. म्हणजे तुझी पैशांची पेटीसुद्धा आली! आणि आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख थेट सांचीच्या स्तूपावर आहेत. आता असा भोगवर्धनचा एखादा व्यापारी संध्याकाळी बैल घेऊन नाणेघाटात पोचला, तर तो काय लॉजिंग-बोर्डिंगची पाटी शोधत फिरला असेल? शिरला असेल लेण्यात. दोन हजार वर्षांपूर्वी!"

माझं हे भाषण चकलीच्या दोन वेढ्यांत बसलं. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्ही कधी राहिलात का अशा गुहेत?"

"एकदा," मी म्हणालो आणि पाण्याची मोटर बंद करायला उठलो. मोटर बंदच होती.

खरी गोष्ट अशी की ती 'तासभर लाकडं फोडली' ही भानगड ऐकल्यापासून मला लाडू गोड लागेना.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. नव्या जिल्ह्याबरोबर नव्या कचेऱ्या आल्या आणि त्यांतल्या एकीत मी चिकटलो. तिथे पुण्याहून बदलून आलेला एक लेखनिक होता. त्याला आम्ही पुणेकरच म्हणत असू. पुणेकराला डोंगर चढायचा नाद. आमच्या भागात सपाट काळी रानं पाहून तो मनातून फार खचला होता. कुठेही जरा उंचवटा दिसला की 'वर जाऊन येऊ' म्हणायचा. १९८२ च्या डिसेंबरात नाताळची सुट्टी जोडून त्याने हरिश्चंद्रगडाचा बेत काढला. बरोबर आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब. ते का आले हे आजवर कळलेलं नाही. बहुधा दोन कनिष्ठ एकाच वेळी रजेवर जातात यामागे काही कट असावा, असा त्यांना संशय असावा.

घरी मी सांगितलं, "राजूरला जातोय." यात खोटं काही नव्हतं. हरिश्चंद्रगडाला जायचं तर अकोले तालुक्यातलं राजूर गाठावं लागतं. पण जालना जिल्ह्यात राजूर म्हटलं की एकच, भोकरदन तालुक्यातलं, गणपतीचं. अंगारकीला अर्धा जिल्हा तिथे पायी जातो. आई म्हणाली, "चतुर्थी नाही, म्हणजे गर्दी नसेल. बरंच झालं." आणि तिने पिशवीत नारळ घातला. पंचवीस किलोमीटरवरच्या गणपतीला जायला मी माकडटोपी, दोन स्वेटर आणि घोंगडी का घेतोय, हे तिने विचारलं नाही. मुलगा सरकारी नोकरीत लागल्यापासून तिचा माझ्यावर फार विश्वास बसला होता.

पुढे बसस्टँडवर शेजारचे काका भेटले. त्यांना मी अधिक खुलासा केला, "आधी अकोल्याला, मग राजूरला." ते चक्रावले. त्यांच्या डोळ्यांपुढे विदर्भातलं अकोला. म्हणजे राजूरच्या गणपतीला हा पोरगा अकोल्यावरून वळसा घालून चाललाय! त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "टी.ए. मिळतो का रे?"

तेव्हाचं औरंगाबाद, मग संगमनेर, मग अकोले, मग राजूर, आणि पुढे मिळेल त्या ट्रकने व पायी असे आम्ही पाचनईला पोचलो. गड चढायला सुरुवात केली तेव्हा दुपार कलली होती. पुणेकर पुढे बकरीसारखा, मी मधे, आणि भाऊसाहेब मागे. दर दहा मिनिटांनी ते 'कार्यवाही तूर्त स्थगित' म्हणून दगडावर बसायचे. वर पोचलो तर अंधार. समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीचा डोंगर, डिसेंबरचा वारा, आणि आम्ही मराठवाड्याची माणसं. आमच्याकडे थंडी म्हणजे अंगणात खाट न टाकता ओसरीत टाकायची, एवढीच. हरिश्चंद्रगडाच्या थंडीने आमची तिघांची दातखीळ बसवली. कचेरीत भाऊसाहेब पहिल्यांदाच काही न बोलता ऐकून घेत आहेत, असं दृश्य मी पाहिलं.

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ कातळात कोरलेल्या गुहा आहेत. त्यांतल्या एकीत गणपतीची मोठी थोरली मूर्ती आहे, माणसापेक्षा उंच. पुणेकराने बॅटरी मारली आणि त्या उजेडात एकदम गणपती उभा! मला घाम फुटला, त्या थंडीतही. नारळ घेऊन निघालो होतो ते राजूरच्या गणपतीसाठी, आणि हा इथे डोंगरावर वाट अडवून उभा. आईचा शब्द असा खरा झाला.

बॅटरी कोपऱ्यात फिरली आणि पुणेकर ओरडला, "लाकडं!"

खरोखर, कोरड्या लाकडांची एक मोळी भिंतीशी टेकवून ठेवलेली होती. वेलीने नीट बांधलेली. बाजूला दगडाखाली कागदात चिमूटभर मीठ आणि अर्धी काड्यापेटी. आम्ही चुकूनसुद्धा असा विचार केला नाही की हे कोणी ठेवलं असेल. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला जगातली सगळी लाकडं आपल्यासाठीच उगवलेली वाटतात. आम्ही जाळ केला. अहाहा! त्या जाळापुढे बसून खाल्लेल्या गार पोळ्या आणि जालन्याच्या मोसंब्या यांची चव अजून जिभेवर आहे. नारळ फोडला, गणपतीला दाखवला आणि आम्हीच खाल्ला. मग भाऊसाहेबांना कंठ फुटला. चांगदेवांनी याच गडावर तप केलं, इथेच 'तत्त्वसार' लिहिलं, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. मग म्हणाले, "ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारा हा माणूस! नाहीतर आपले लोक," आणि त्यांनी बॅटरीने भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावं दाखवली. जाळ विझायला आला की आम्ही दोन लाकडं टाकायचो. 'जरा जपून' असं तिघांपैकी एकही म्हणाला नाही. पहाटे तीनच्या सुमाराला शेवटचं लाकूड पडलं. वेल राहिली होती, तीही टाकली.

सकाळी ऊन आलं. थंडी पळाली आणि तिच्याबरोबर रात्रीची आठवणही. केदारेश्वराची गुहा पाहिली, कंबरभर गार पाण्यात उभं असलेलं ते प्रचंड लिंग पाहिलं. कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलो. गुहेत येऊन डुलकी काढली. आसपास वाळक्या फांद्या हव्या तेवढ्या होत्या. पुणेकर एकदा म्हणालासुद्धा, "थोडं सरपण गोळा करून ठेवू या का?" भाऊसाहेब म्हणाले, "आता उशीर होईल." मी काही बोललो नाही. कचेरीत मला तीच सवय लागली होती.

उतरताना चार-साडेचार झाले असतील. बरंचसं उतरून आलो तोच खालून एक माणूस आणि एक मुलगा वर येताना दिसले. माणूस पन्नाशीच्या आतला, धोतर, डोक्याला मुंडासं, कमरेला कोयता. मुलगा दहा-अकरा वर्षांचा, अंगात एक सदरा, हातात तेलाची बाटली. उद्या सोमवार, देवाला तेल वाहायचं होतं. काहीतरी नवस असणार. मुलाला खोकला होता.

रामराम झाला. माणसाने विचारलं, "गुहेतच व्हते का रातच्याला?"

"हो."

"गणपतीपाशी? मंग सरपण घावलं आसंल. मागल्या सोमवारी मीच ठिवलं व्हतं. कामी आलं का?"

त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू त्याच्या घरी आम्ही जेवून आलो होतो आणि आता तो विचारत होता, भाजी बरी झाली होती ना?

"फार कामी आलं," पुणेकर म्हणाला.

"हाये ना आजून? पोराला थंडी सोसत न्हाई. न्हाई तर हितंच मोळी बांधतो."

वाचकहो, इथे मी बोललो. संबंध सहलीत जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसलो, आणि जिथे दोन क्षण गप्प बसलो असतो तर चाललं असतं तिथे म्हणालो, "आहे ना! भरपूर आहे."

का म्हणालो? शरम वाटली म्हणून. अंगात दोन स्वेटर घातलेल्या तीन सरकारी नोकरांनी याची मोळी शेवटच्या काडीपर्यंत जाळली, वर ती बांधलेली वेलही जाळली, हे त्या मुलासमोर सांगायची लाज वाटली. "बरं झालं," तो म्हणाला. कोयत्यावरचा हात त्याने काढला, मुलाला पुढे घातलं आणि दोघं वर निघून गेले. मुलाच्या खोकल्याचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

आम्ही तिघं बराच वेळ न बोलता उतरलो. मग भाऊसाहेब म्हणाले, "त्यांना सवय असते." या वाक्याने आम्हाला मोठाच आधार दिला. मागे फिरून हाक मारता आली असती. पाच मिनिटांचा चढ होता. पण 'त्यांना सवय असते' हा एकदा शेरा पडल्यावर प्रकरण निकालात निघालं होतं. रात्री राजूरला आम्ही पेढे घेतले. घरी आईने विचारलं, "झालं का दर्शन?" म्हटलं, "झालं." तिने पेढा कपाळाला लावून खाल्ला.

हे सगळं मी मोटर बंद करून आल्यावर भाच्याला आणि सौ.ला सांगितलं. भाचा काही बोलला नाही. सौ.ने एवढंच विचारलं, "मुलगा केवढा होता म्हणालात?"

"दहा-अकरा."

"म्हणजे आता पन्नाशी ओलांडली." तिने हिशेब केला. मग जरा थांबून म्हणाली, "असेल ना?"

त्या 'असेल ना'वर मला उत्तर देता आलं नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर १९८२ पासून नव्हतं.

दिवाळी संपली, भाचा गेला. संक्रांतीच्या आधी एक दिवस पाहतो तर अंगणात बाभळीच्या लाकडांची मोळी. बदनापूरजवळच्या आमच्या शेतातली, हातभर लांबीची, सुतळीने बांधलेली. सौ. म्हणाली, "देऊन या."

"कुणाला?"

"जिथली घेतली तिथे ठेवून या. पुढचा बघेल."

मी म्हटलं, अगं, जालन्याहून हरिश्चंद्रगडावर सरपण न्यायचं म्हणजे काय? लोक हसतील. ती म्हणाली, "हसू देत. चाळीस वर्षं तुम्ही हसलात का?" या बाईने आयुष्यभर आमच्या ओसरीवर उतरलेल्या माणसांचं पाणी, पोळ्या आणि अंथरुणं सांभाळली आहेत. गेलेल्या पाहुण्याची चादर धुऊन येणाऱ्यासाठी घातली आहे. तिच्यापुढे मी काय युक्तिवाद करणार? तिने पिशवीत नारळही घातला.

पुणेकर निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाला आहे. त्याला फोन केला. मी नुसतं 'हरिश्चंद्रगड' एवढंच म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "लाकडं मी आणू की तू?" मी म्हटलं, मी बांधली आहेत. तो म्हणाला, "मग काड्यापेट्या माझ्याकडे." भाऊसाहेबांना विचारायची सोय राहिली नव्हती. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

एस.टी.त चढलो. कंडक्टर पोरगेलासा होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोळीकडे. मग खाली वाकून हळूच विचारलं, "मामा, कुणी गेलं का?"

शेजारच्या बाईने लगेच पदर तोंडाला लावला. मागच्या सीटवरचा गृहस्थ उठून मला खिडकीची जागा देऊ लागला. मी म्हटलं, "तसं नाही हो. जुनं प्रकरण आहे. बेचाळीस सालचं." म्हणायचं होतं ब्याऐंशी, गडबडीत बेचाळीस निघालं. कंडक्टरला वाटलं, स्वातंत्र्यसैनिक. त्याने नमस्कार केला. मग यंत्राची बटणं दाबत म्हणाला, "पासष्टच्या वर असाल तर तुमचं अर्धं. पण लगेजला सवलत नाही. लाकडांचं पूर्ण पडेल."

"पूर्णच द्या," मी म्हणालो.

प्रत्येक गाडीत हीच कथा. अकोल्याला उतरलो तोवर अर्ध्या महाराष्ट्राने माझं सांत्वन केलं होतं. पुणेकर राजूरला भेटला. डोक्यावरचे केस गेले होते, पाठीवरची पिशवी तीच असावी. पिशवीत बारा काड्यापेट्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.

पाचनईला पोचलो तर तिथे ट्रकऐवजी मोटारींची रांग. पुण्या-मुंबईची पोरंपोरी रंगीबेरंगी पिशव्या घेऊन उभी. वाटेवर एक तरुण बसला होता. त्याने मोळीकडे बोट दाखवलं. "काका, हे वर न्यायचं नाही. अभयारण्य आहे. गुहेत जाळ करायला मनाई आहे."

अभयारण्य १९८६ साली झालं, म्हणजे आम्ही ती मोळी जाळल्यानंतर चार वर्षांनी. आणि नियम योग्यच. शनिवार-रविवारी शेकडो माणसं वर जातात. एकेकाने एकेक फांदी तोडली तरी डोंगराचा गोटा होईल. तरुणाशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघं, वय वर्षं पासष्टच्या पुढचे, बाभळीची मोळी आणि बारा काड्यापेट्या घेऊन वाटेच्या कडेला उभे राहिलो. कर्ज फेडायला जावं आणि बँकच बंद झालेली असावी, तसं झालं.

शेजारच्या घरापुढे पडवीत चूल पेटलेली होती. तिथली बाई गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. तिने आमची अवस्था पाहिली असावी. म्हणाली, "हिकडं आना ते सरपन. कुठून आनलं?"

"जालन्याहून."

तिने भाकरी थापायची थांबवली. मग मी तिला सगळं सांगितलं, त्या माणसाचं, मुलाचं, 'भरपूर आहे'चं. मोळी सोडून तिने दोन लाकडं चुलीत सारली. म्हणाली, "बाबा, हितल्या मानसाला तुमचं तोंड बघून कळलं आसंल, वर काय बी ऱ्हायलं न्हाई. पोर संगं आसताना तो मोळी बांधल्याबिगर वर ग्येला आसंल व्हय?"

"पण मग तो 'बरं झालं' का म्हणाला?"

"आता पाव्हन्याला काय म्हनायचं?"

मी आणि पुणेकर एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे ज्या घरात यजमान नाही असं मी समजत होतो, त्याचा यजमान आमच्यासमोर उभा होता, आणि त्यानेही आम्हाला 'घ्या, घ्या'च म्हटलं होतं! भाऊसाहेबांच्या 'त्यांना सवय असते'चा असाही अर्थ निघत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. अर्थात तिने हे आमचं मन राखायलाही म्हटलं असेल. आम्हीही पाहुणेच होतो. पण चहा फार चांगला होता. बाभळीचा जाळ कडक असतो.

वर गेलो, सावकाश. देवळाजवळच्या त्याच गुहेत गणपती तसाच उभा होता. नारळ फोडला. या वेळी अर्धा तिथेच ठेवला. तो वानरांनी आमच्या देखत नेला. काड्यापेट्या ठेवून उपयोग नव्हता. मग काय ठेवायचं? पुणेकर इकडेतिकडे बघत होता. कोपऱ्यात, जिथे मोळी होती तिथे, बिस्किटांची वेष्टनं, बाटल्या, कागदी पेले. त्याने पिशवीतून सुतळी काढली, मी नारळाची पिशवी उलटी केली, आणि दोघांनी गुहा साफ करायला सुरुवात केली. एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही इथले स्टाफ आहात का?" पुणेकर म्हणाला, "हो. थोडे उशिरा रुजू झालो." अंधार पडायच्या आत दोन पोती कचरा घेऊन आम्ही खाली उतरलो.

घरी आल्यावर सौ.ने विचारलं, "दिलीत?"

"दिली."

"कुणी तरी शेकलं ना?"

"आम्हीच शेकलो आधी," मी म्हणालो, "मग बाकीचे."

"चालायचंच," ती म्हणाली आणि पाहुण्यांच्या खोलीत चादरी घालायला गेली. दुसऱ्या दिवशी परतूरहून कोणीसं डोळे तपासायला येणार होतं. मी तिच्या हातातल्या उशा घेतल्या आणि अभ्रे चढवायला लागलो. ती जरा वेळ संशयाने बघत राहिली.

एस.टी.ची ती तिकिटं मी जपून ठेवली आहेत. माझं अर्धं, लाकडांचं पूर्ण. बेचाळीस वर्षांनी का होईना, पुरे पैसे भरल्याचा माझ्याकडे तेवढाच एक पुरावा आहे. परवा काढून बघितली. यंत्राची शाई ती. उडत चालली आहे. रक्कम आता वाचता येत नाही.